बंद पेटी वाटेत उघडायची नाही

माझी वहिनी मोठ्या आवाजाला घाबरत नाही. कारखान्याचा भोंगा अगदी डोक्यावर वाजला तरी तिची पापणी लवत नाही. ती घाबरते ती बारीक आवाजाला. स्वयंपाकघरात एक पेला दुसऱ्याला नुसता लागला की तिच्या अंगावर काटा येतो आणि हातातलं काम टाकून ती बघायला धावते. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने कपाटातल्या एकेका बशीखाली कागद घातला. आई म्हणायची, सून गुणाची आहे, फक्त एक बशी काढायची तर आधी चार कागद सोडवावे लागतात.

वहिनी काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. पेले, बरण्या, दिव्याच्या काचा असला सगळा माल तिथे पेट्यांत भरतात. भरताना वस्तूच्या चारी बाजूंनी असं दाबून बसवायचं की आत जागाच उरू नये. पेटी भरून झाली की ती दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरायची आणि हळूच हलवायची. आत काही किणकिणलं तर सगळी उपसून पुन्हा भरायची. आवाज आला नाही की चिकटपट्टी मारायची, आणि एकदा पट्टी मारली की पोचेपर्यंत कुणी ती उघडायची नाही. वाटेत उघडलेली पेटी पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, असं त्या खात्यात सगळ्या बायका मानतात.

हे काम पुष्कळ वर्षं केल्यावर तिला परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं. ज्या पेट्यांत फूट निघाली त्या तिच्याकडे येतात. त्या उघडून, तुकडे बघून ती सांगते की ही कोपऱ्यावर पडली, हिच्यावर वजन रचलं, ही गचका बसून आतल्या आत गेली. रस्ता काय काय करू शकतो ते ती रोज हातमोजे घालून उचलत असते. माझा दादा फिटर. तो तिथला सरकता पट्टा दुरुस्त करायला गेला होता तेव्हा ती त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, “हातोडी त्या टेबलावर ठेवू नका.” दादा म्हणतो, या बाईचं ऐकायचं हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

मी दादाची धाकटी बहीण. घरात मला ठमा म्हणतात. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून घरी येईपर्यंत माझ्याजवळचं गोड संपलेलं असतं, त्यामुळे घरच्यांच्या वाट्याला जे उरेल ते येतं. वहिनीच्या बाळाला भोंगा हे नाव मीच ठेवलं. त्याला भूक लागली की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत येत. वहिनीला ते नाव बिलकुल आवडत नसे. मी तसं म्हटलं की ती मला ठमाताई सोडून वन्सं म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी दोन दिवस गप्प बसत असे.

दादाला लांबच्या गावी चांगली नोकरी लागली आणि तो पुढे गेला. भोंगा पाच महिन्यांचा झाला तेव्हा दादाचा फोन आला की खोली मिळाली, आता या. आईचे गुडघे गेलेले, म्हणून सोबत मी जायचं ठरलं. सकाळी बसमध्ये बसायचं, मध्ये घाट, आणि संध्याकाळी उतरायचं. लोक रोज करतात तो प्रवास. पण फोन ठेवल्यावर वहिनी भांडी घासायच्या ओट्याला धरून उभी राहिली. ती मला म्हणाली की घाटातून आलेल्या पेट्या मी ओळखते, त्यांची फूट वेगळीच असते. मी म्हटलं, वहिनी, आपण बाळ नेतोय, बरण्या नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती दोन्ही एकाच रस्त्याने जातात हे मला कळू नये याचं तिला आश्चर्य वाटत होतं.

त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. बसता उठता ती भोंग्याच्या डोक्यावरच्या मऊ जागेवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची. मी चिडायचे, चेष्टा करायचे. मनातून मात्र तिची भीती मलाही लागायला लागली होती, सर्दी लागते तशी.

प्रवासाचं सामान घ्यायला आम्ही दोघी लहान मुलांच्या दुकानात गेलो. दुकानदार हसरा होता, विकायचं कसब मला ओळखू येतं. त्याने आधी घडीची बाबागाडी काढली. एका हाताने मिटते, बसच्या पोटात मावते, असं सगळं सांगितलं. वहिनीने ती हलवली आणि म्हणाली, खुळखुळतेय. तो म्हणाला, चाकं आहेत ताई, थोडी वाजणारच. गाडी बाद झाली. मग त्याने छातीशी बांधायची झोळी काढली, रुंद पट्ट्यांची, आणि एक बाहुली आत घालून स्वतःच दुकानभर फिरून दाखवलं. हात मोकळे राहतात, बाळाला आईची ऊब लागते, आईला बाळाचा श्वास कळतो. मला ती झोळी फार आवडली. वहिनीने एकच विचारलं, “बांधणारी पडली तर?”

मी म्हटलं, पडली तर हात पुढे करेल, त्यासाठीच मोकळे ठेवलेत ना. पण काचेवर कधी वजन टाकायचं नाही, हे वहिनीच्या हाडात मुरलेलं. शेवटी तिने टोपली पसंत केली. टणक तळाची, दोन मजबूत दांड्यांची, वर मिटणारं छत्र आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. दुकानदार जाळीवर बोट ठेवून म्हणाला की इथून हवा खेळती राहते, ही मोकळी ठेवा. वहिनी मान हलवत होती, पण लक्ष दांड्यांच्या शिवणीकडे. मग तिने बाहुली टोपलीत घातली, टोपली उचलून कानाशी धरली आणि भर दुकानात हळूच हलवली. दुकानातल्या बायका बघत राहिल्या. मी एका रॅकमागे गेले आणि माझा या बाईशी काही संबंध नाही असा चेहरा केला.

झोळी मात्र मी माझ्याकडून घेतली. चिडून घेतली म्हणा. वहिनीने ती पिशवीच्या तळाशी घातली, आणि वर थर्मास, दुपटी, औषधाची बाटली, प्रत्येक वस्तू वेगळ्या फडक्यात गुंडाळून.

निघायच्या आदल्या दिवशी तिने टोपली भरायला घेतली. कारखान्यातून मागून आणलेले पांढऱ्या फोमचे तक्ते तिने सुरीने कापून टोपलीच्या आतून चारी बाजूंना बसवले. जाळीच्या खिडक्यांवरून एकच सलग तुकडा गेला. धूळ येणार नाही आणि कड लागणार नाही, असं ती म्हणाली. त्यावर गोधडी, मग बाळ, बाळाच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल, अंगावर चादर घट्ट खोचून, आणि वर छत्र. भोंग्याने आधी घर डोक्यावर घेतलं. मग पोटभर दूध प्यायला आणि झोपला. वहिनीने टोपली उचलली, कान लावला, हलवली. आतून काहीच आलं नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला. मलाही बरं वाटलं. काम इतकं सफाईचं होतं की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाजून तसंच पुन्हा भरलं, आणि बसमध्ये कंडक्टरने टोपली खाली ठेवायला सांगितली. तो जाड मिशांचा, आवाजही जाड. वहिनी म्हणाली, “खाली नाही.” तो पुढे बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून निघून गेला. टोपली आम्हा दोघींच्या मध्ये सीटवर राहिली, खिडकीच्या बाजूला मी. त्या खिडकीचा पडदा फाटून गेला होता आणि काच अडकली होती, अर्ध्याहून वर सरकेना. ऊन थेट आत येत होतं.

गाव सुटलं आणि वहिनीने सांगायला सुरुवात केली. अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं. हा खड्डा, यात खालच्या थरातला माल जातो. हा ब्रेक, याने कोपरे दबतात. प्रत्येक गचक्यानंतर ती वाकून छत्राला कान लावायची, ऐकायची, आणि मग तिचा जीव भांड्यात पडायचा. आवाज नाही, असं ती मला सांगायची, जणू बातमी. घाट सुरू झाला तेव्हा माझी मस्करी कुठल्या कुठे गेली. एका वळणावर समोरून मालाचा ट्रक इतका जवळून गेला की त्याची ताडपत्री आमच्या खिडकीला घासली. मीही टोपलीची दांडी दोन्ही हातांनी धरली. दोघींचे हात त्या दांडीवर शेजारी शेजारी, आणि दोघींचे गार.

पुढच्या सीटवरचे टक्कल पडलेले गृहस्थ वळून म्हणाले, किती गुणी बाळ आहे हो, एवढ्या घाटात हूं नाही की चूं नाही. वहिनी हसली. मीही हसले. घाट उतरल्यावर माझ्या मनात आलं की भोंग्याची दुधाची वेळ कधीच टळून गेली आहे. घरी वेळ टळत आली तरी भिंती हलतात. मी वहिनीला म्हटलं, उठवूया का त्याला, दूध पाजूया.

तिने कान लावला. “आवाज नाही, ठमाताई. नीट आहे. भरलेलं वाटेत उघडायचं नाही. मधल्या थांब्यावर बघू.”

ती हे अगदी शांतपणे म्हणाली आणि तिच्या त्या शांतपणाची मला एकदम भीती वाटली. माझी पाठ घामाने भिजून सीटला चिकटली होती. ऊन छत्रावर पडत होतं, किती वेळ पडत होतं कोण जाणे. मी छत्राला हात लावला, तर ते तापलं होतं. मी वहिनीला न विचारता छत्राखाली हात घातला. आतून वाफ आली, झाकण काढल्यावर भांड्यातून येते तशी. माझी बोटं भोंग्याच्या मानेला लागली. मान ओलीचिंब आणि कढत. मी गाल दाबला, तो हलला नाही. चादरीतून त्याचा हात ओढून काढला आणि सोडला, तो तसाच खाली पडला.

मी छत्र मागे फेकलं. भोंग्याचा चेहरा लालभडक होता, केस कपाळाला चिकटलेले, पापण्या अर्ध्या उघड्या आणि त्यातून नुसतं पांढरं दिसत होतं. वहिनीने माझा हात धरायला हात पुढे केला होता, तो तिथेच थांबला. तिने बाळाकडे पाहिलं. उघडलेल्या पेटीत रोज ती जशी बघते तसं पाहिलं. बाळाला हात लावायला ती घाबरत होती.

मी त्याला वर काढायला गेले तर तो निघेना. टॉवेल, फोम, गोधडी सगळं इतकं चपखल बसलेलं की माझी बोटं कुठे शिरेनात. मी ओढत होते, रडत होते, कुणाला तरी शिव्या देत होते. गाडी थांबवा, असं मी ओरडले ते मला माझ्याच आवाजासारखं वाटलं नाही.

“कोपरा,” वहिनी म्हणाली. “कोपऱ्यातून ओढ.”

मग तिचेच हात आले. एका झटक्यात तिने कोपऱ्यातला तक्ता उपसला, टॉवेल काढले, आणि भोंगा तिच्या हातात आला, मान टाकलेला. बस कडेला लागली होती. कंडक्टरने माणसांना बाजूला करत आम्हाला खाली एका झाडाच्या सावलीत नेलं. भोंग्याचे कपडे काढले. कंडक्टरने आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या ओढणीवर ओतलं आणि मी बाळाचं अंग पुसत राहिले. वहिनीने त्याला जमिनीवरच्या दुपट्यावर ठेवलं, आणि ती वाकली, आणि तिने त्याच्या छातीला कान लावला.

तिचा कान तसाच छातीवर. मी विचारलं, येतोय का आवाज.

“येतोय,” ती म्हणाली. “फार बारीक येतोय.” आणि तिने तिथून कान काढलाच नाही, तो बारीक आवाज जाईल म्हणून.

ड्रायव्हर म्हणाला की पुढच्या गावात दवाखाना आहे, चढा पटकन. मधले थांबे त्याने घेतले नाहीत आणि कुणी तक्रार केली नाही. उघडं बाळ वहिनीने छातीशी धरलेलं, दोघांच्या मध्ये माझी ओली ओढणी. टक्कल पडलेले गृहस्थ आपल्या वर्तमानपत्राने वारा घालत होते. वहिनी बाळाच्या कानाशी बोलत होती. रड, रड ना रे, असं म्हणत होती. मग मी ऐकलं, ती म्हणाली, “भोंग्या. ए भोंग्या. वाज ना.” आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला त्या नावाने हाक मारली आणि मला ते सहन होईना. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला एकच दिसत होतं, दादा स्टँडवर उभा असेल आणि आम्ही रिकाम्या हातांनी उतरू.

गावाच्या वेशीवर गतिरोधक होता. वेगात असलेली बस त्यावरून उडाली आणि आम्ही सगळे सीटवरून उचलले गेलो. वहिनीने या असल्याच गचक्याची इतके दिवस धास्ती घेतली होती. भोंगा तिच्या छातीवर आपटला आणि त्याच्या तोंडून कुरकुर निघाली, मांजराच्या पिलासारखी. मग थोडी मोठी. मग त्याने तोंड उघडलं आणि पूर्ण गळा काढला. ड्रायव्हरने मान न वळवता विचारलं, “रडतंय का?” आणि आठ-दहा माणसांनी एकदम सांगितलं की रडतंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, ताप बघितला, थोडं थोडं पाजायला सांगितलं आणि अंग निवेपर्यंत बसवून ठेवलं. उकाड्याने झालं, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं म्हणाल्या. टोपलीकडे पाहून त्यांनी विचारलं की हे असं कुणी बांधलं होतं.

“मी,” वहिनी म्हणाली. “माझं कामच आहे ते.”

बाईंनी साधेपणाने सांगितलं की बाळाला हातपाय हलवता आले पाहिजेत, वारा लागला पाहिजे, आणि बाळ फार वेळ गप्प राहिलं तर आधी बघायचं. वहिनीने मान हलवली. दुकानात हलवली होती तशी नाही. या वेळी ती ऐकत होती.

आमची बस निघून गेली होती. पुढची यायला वेळ होता. वहिनीने फोमचे सगळे तक्ते टोपलीतून काढून दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात घातले. त्यात ते मावेनात तेव्हा तिने ते गुडघ्याने मोडले. मी पिशवीच्या तळातून झोळी काढली. मला त्या वेळी जिंकायचं नव्हतं. पट्ट्या कुठून कुठे जातात ते आठवत मी तिच्या पाठीमागे बांधत होते. ती समोर बघत म्हणाली, “मी पडले तर, ठमाताई?”

“मी धरीन,” मी म्हटलं.

उरलेला रस्ता भोंगा तिच्या छातीला चिकटून बसला. झोपला, उठला, पाय झाडले, तिचा कान ओढला, पुन्हा झोपला. तो झोपला की वहिनीचं अंग ताठ व्हायचं आणि ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास बोटाला लागला की पुन्हा थोडा वेळ बसायची. तिची भीती गेली नव्हती. माझीही नव्हती, मी तिचं बोट बघत बसले होते.

संध्याकाळी स्टँडवर दादा धावत आला. भोंगा नेमका तेव्हाच भुकेला झाला होता आणि सगळा स्टँड मागे वळून बघत होता. दादाला काही माहीत नव्हतं. तो कावराबावरा झाला, खिशातून नवी चोखणी काढली, याच्यासाठीच घेतली होती, आणि भोंग्याच्या तोंडात द्यायला गेला. वहिनीने त्याचा हात धरला.

“गप्प नको करूस त्याला. रडू दे. मला ऐकू येऊ दे.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी टोपली उचलून पुढे चालायला लागले. टोपलीत थर्मास आणि औषधाची बाटली नुसतीच टाकलेली होती, फडकंबिडकं काही नाही, आणि पावलागणिक ती दोन्ही एकमेकांवर आपटून किणकिणत होती. वहिनी माझ्या शेजारून चालत होती. तिने एकदाही मान वळवली नाही.